दुपटीतला एकेरीपणा: नखवाल्या बेडकांची पन्नास वर्षे

1970 मध्ये सुसुमू ओहनो यांनी जनुकांच्या द्विरावृत्तीवरचे आपले पुस्तक लिहिले. जनुकाच्या दोन प्रती झाल्या की एक जुने काम सांभाळते, दुसरी नवे काम करायला मोकळी होते, हे त्यातले सूत्र. मग सगळी जनुकेच दुप्पट झाली, तर रोगप्रतिकारही दुप्पट होईल का? याचे उत्तर पुढच्या काळात आफ्रिकेतल्या झेनोपस या नखवाल्या बेडकांनी दिले, आणि ते अपेक्षेपेक्षा कितीतरी शहाणपणाचे निघाले.

या बेडकांत संकरातून जनुकसंच वारंवार वाढत गेला. झेनोपस ट्रॉपिकॅलिसमध्ये 20 गुणसूत्रे, लेविसमध्ये 36, व्हेस्टिटसमध्ये 72, तर रुवेन्झोरीच्या डोंगराळ भागातल्या जातीत 108.

सत्तरच्या दशकात बाझलमध्ये लुई द्यू पास्किए यांनी लेविसच्या भावंडांच्या पांढऱ्या पेशी एकत्र वाढवून पाहिल्या. आपले-परके ओळखणारी एमएचसी जनुके वेगळी असली की या पेशी एकमेकींना पाहून भराभर विभागू लागतात. सारखी असली की शांत राहतात. एमएचसीचे दोन संच असते, तर अशी शांत जोडी सोळांत एखादीच सापडली असती. प्रत्यक्षात ती चारांत एक सापडली. म्हणजे चालू संच एकच होता! 1977 मध्ये जिनिव्हाच्या सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत घडवलेले बहुगुणित बेडूक तपासले, तेव्हा त्यांच्यात मात्र सगळेच संच कामाला लागलेले दिसले. जादा संच संकर होताक्षणी गप्प होत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत गळतो, हे यातून उमगले.

असे का व्हावे? सर्वांत पटणारे कारण थायमस ग्रंथीत आहे. स्वतःच्याच एमएचसीवर उलटणाऱ्या टी-पेशी तिथे नष्ट केल्या जातात. एमएचसीचे प्रकार वाढले की ही छाटणीही वाढते आणि जंतूंशी लढायला उरणाऱ्या पेशींची विविधता घटते.

1987 मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांनी चित्राची दुसरी बाजू दाखवली. शस्त्रक्रियेनंतर गढूळ पाण्यात सोडलेल्या लेविसच्या जखमा चिघळत नव्हत्या. त्वचेत त्यांना जंतुनाशक मॅगेनिने सापडली. त्यांच्या मूळ प्रथिनात मॅगेनिन-1 ची एक आणि मॅगेनिन-2 च्या पाच प्रती ओळीने असतात. थेट जंतू मारणाऱ्या रेणूची पुनरावृत्ती टिकली. आपले-परके ठरवणाऱ्या जनुकांची टिकली नाही.

2016 मध्ये लेविसचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन पूर्वजांचा संकर 1.7 ते 1.8 कोटी वर्षांपूर्वी झाला होता, आणि निम्म्याहून अधिक, 56 टक्क्यांवर जनुकांच्या दोन्ही प्रती आजही शाबूत आहेत. या पार्श्वभूमीवर एमएचसीचा एकेरीपणा अधिकच ठळक होतो. निम्म्याहून अधिक घर दुहेरी असताना हा संच मात्र एकेरी राहिला, याला केवळ योगायोग म्हणणे अवघड आहे.

1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या कित्येक जाती उद्ध्वस्त केल्या. झेनोपस मात्र ती सहसा आजारी न पडता अंगावर वागवतात. हे बळ कुठून येते याचा शोध घेताना जनुके मोजून भागणार नाही. कोणती प्रत चालू आहे, कोणती गळली आणि ती गळण्यात कोणता फायदा होता, हेच प्रत्येक जातीत तपासावे लागेल. बेडकांना वाचवू पाहणाऱ्या संशोधनाला या पन्नास वर्षांनी दिलेली ही सर्वांत कामाची शिकवण आहे.