शेततळ्यातली चिलापी गळाने कशी काढावी



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं, वर्षभर कोंडा आणि पेंड घातली, आणि जाळं ओढलं तर हाती आली बोटभर चिलापी, अशी तक्रार पुष्कळ शेतकरी करतात. त्यावर घरच्या घरी करता येईल असा एक उपाय या पत्रकात सांगितला आहे. तो म्हणजे काठावरून गळ टाकून चिलापी वेचून काढणे. पिकात जशी खुरपणी, तशीच ही तळ्याची खुरपणी समजा.

चिलापी का वाढते?

चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. १९५२ साली तो भारतात आणला गेला. आपल्या तळ्यात तो कालव्याच्या पाण्याबरोबर येतो, भेसळीच्या बीजातून येतो, किंवा कुणीतरी हौसेने आणून सोडतो.

रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणजे तुमच्या तळ्यातला प्रत्येक रोहू हा तुम्ही पैसे मोजून आणलेला असतो. चिलापीचं तसं नाही. ती दोन-तीन महिन्यांची झाली की वीण सुरू करते आणि तळ्यातच वरचेवर पिल्लं देते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतातही जास्त. मग तोंडं वाढतात आणि खाद्य तेवढंच राहतं. चिलापी खुरटते आणि रोहू-कटलाही उपाशी राहतात.

हिशेब करून पाहा. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळं म्हणजे साधारण ९ गुंठे पाणी. हेक्टरी ५,००० बोटुकली या मापाने त्यात ४५० बोटुकली सोडायची. त्यांच्या ताटात जर हजारो चिलापी जेवायला बसल्या, तर वर्षाअखेर किलोचा मासा कुठून मिळणार?

साहित्य

१) काठी : १० ते १२ फूट लांबीचा, शेंड्याकडे लवचीक असलेला बांबू.

२) दोरी : बारीक तंगूस, काठीच्या लांबीएवढा.

३) गळ : लहान घ्यावा. त्याची रुंदी करंगळीच्या नखापेक्षा जास्त नको. चिलापीचं तोंड लहान असतं. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे चुकून लागलेला रोहू इजा न होता सुटतो.

४) शिसे : हरभऱ्याएवढा तुकडा, गळाच्या वर वीतभर अंतरावर.

५) तरंगा : ज्वारीच्या वाळलेल्या ताटातल्या भेंडाचा दोन बोटं लांबीचा तुकडा. तो तंगुसावर वर-खाली सरकला पाहिजे.

गाठ मारताना तंगुसाचे स्वतःभोवती पाच वेढे घ्यावेत आणि आवळण्यापूर्वी गाठ ओली करावी. कोरडी गाठ आवळली तर तंगूस घासून तापतो आणि तिथेच तुटतो.

आमिष

चिलापीला गांडुळाचा तुकडा फार आवडतो. गळ झाकेल एवढाच लावावा. लांब लोंबता ठेवला तर मासा टोक तोडून जातो आणि तुम्ही नुसते बघत बसता. गांडूळ नसेल तर कणकेत थोडी शेंगदाणा पेंड आणि चिमूटभर कापूस मळून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी करावी. कापसामुळे गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही. मात्र कणकेला रोहूही येतो, म्हणून शक्यतो गांडूळच वापरावं.

जागा, वेळ आणि ठाव

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. चिलापी कुठेही चरते, पण तिचा मुक्काम बहुतेक काठाजवळच्या उथळ पाण्यात असतो. मातीच्या तळ्यात काठालगत थाळीसारखे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीची घरटी समजावीत. गळ तिथेच टाकावा. भर पाण्यात लांब टाकण्याची गरज नाही.

आधी पाण्याचा ठाव घ्यावा. तरंगा सरकवत सरकवत असा बसवावा की गळ तळापासून वीतभर वर राहील. प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. गळ तळाला घासला तर ५०० मायक्रॉनच्या कागदालाही भोक पडतं, आणि मग मासेही जातात आणि पाणीही.

सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ नंतर दिवस मावळेपर्यंतची वेळ चांगली. भल्या पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते भुकेले आहेत असं समजू नये. रात्रीतून पाण्यातला प्राणवायू कमी झाल्याने ते गुदमरलेले असतात. अशा वेळी गळ बाजूला ठेवून पंप सुरू करावा आणि पाणी उंचावरून तळ्यात पाडावं. त्या दिवशी खाद्य घालू नये.

मासा लागल्यावर

तरंगा थरथरला की लगेच ओढू नये. तो तिरका होऊन चालू लागला किंवा बुडाला की मनगटाने हलका झटका द्यावा. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून मागे हात फिरवून काटे मिटवून धरावं.

रोहू, कटला, मृगळ लागला तर हात ओले करून गळ काढावा आणि मासा लगेच पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग लागतो.

निघालेली चिलापी, लहान असली तरी, परत सोडू नये. मोठी कालवणाला, लहान तळायला. अगदी बारीक असेल तर उकडून कोंबड्यांना घालावी. दुसऱ्याच्या विहिरीत किंवा ओढ्यात मात्र टाकू नये, नाहीतर आपलं तण शेजाऱ्याच्या रानात पेरल्यासारखं होईल. रोज किती चिलापी निघाल्या हे वहीत लिहावं. गळाने चिलापी समूळ जात नाही, पण तिचा जोर मोडतो. समूळ घालवायची तर उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवून, सुकवून, मगच नवं बीज सोडावं. पाणी आत घेताना पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

गावतलावात जाण्याआधी

शेततळं तुमचं स्वतःचं असतं. गावतलाव किंवा धरणात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आणि तिथलं बीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं. कुणाच्या उभ्या पिकात न विचारता विळा घालू नये, तसाच गळही टाकू नये. आधी संस्थेची परवानगी घ्यावी. सुरुंग, विषारी औषध किंवा विजेचा करंट वापरून मासे मारणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसांचेही जीव गेले आहेत.

जीव आधी, मासा मग

अस्तराच्या शेततळ्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो. त्यात पडलेला चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. म्हणून पुढील गोष्टी चुकवू नयेत.

१) बांधाच्या माथ्यावर उभं राहूनच गळ टाकावा, उतारावर पाय ठेवू नये. लांब काठी घ्यायची ती याचसाठी.

२) चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून वर खुंट्याला पक्का बांधावा. हवा भरलेली एक ट्यूब जवळ असावी.

३) एकट्याने जाऊ नये. पोरांना एकटं तर मुळीच पाठवू नये.

४) वळवाचं आभाळ भरून आलं, वीज चमकली, की काठी टाकून बांधावरून दूर जावं. वरून विजेची तार जात असेल तिथे काठी उभारू नये.

५) गळ बोटात रुतला तर ओढाताण करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन काढून घ्यावा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं.

६) तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. तो जनावरांच्या पोटात जातो आणि पाखरांच्या पायात अडकतो.

रोज तासभर वेळ काढला तर घरात कालवणाची सोय होईल आणि तळ्यातल्या रोहू-कटलाला खाद्य पुरेल. बीजाची खरेदी, खाद्याचं प्रमाण आणि तळ्याची तयारी याबद्दल अधिक माहिती हवी असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.