पंधरा वर्षांनंतरचे पासिंग

खासगी मोटारीची नोंदणी भारतात १५ वर्षे चालते. ही मुदत मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ४१मध्ये घातलेली आहे. ती संपत आली की मालकाने नमुना २५ भरायचा, गाडी आरटीओत दाखवायची आणि ती रस्त्यावर धावण्याजोगी ठरली तर पुढची ५ वर्षे मिळवायची. त्यानंतर दर पाच वर्षांनी हेच. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो.

टॅक्सी-ट्रकना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी असते. खासगी मोटारीची सक्तीची यांत्रिक तपासणी मात्र एकदम पंधराव्या वर्षी. मधल्या काळात असते ती पीयूसी, आणि तिचा संबंध धुराशी. ब्रेक कसे लागतात, हे तिथे कोणी पाहत नाही. या व्यवस्थेतली खरी उणीव हीच आहे.

ब्रिटनमध्ये १९६०मध्ये तपासणी सुरू झाली तीही १० वर्षांपुढच्या गाड्यांपुरतीच होती. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढेच पाहत. नापास गाड्या इतक्या निघाल्या की १९६१अखेरीस ही अट ७ वर्षांवर आणि १९६७मध्ये ३ वर्षांवर आली.

आरटीओत निरीक्षक आधी चासी आणि इंजिनचे नंबर आरसीशी ताडून पाहतो. गंजाने चासी नंबर पुसट झाला असेल तर काम तिथेच अडते. मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, ब्रेक, स्टिअरिंग. जुन्या गाडीचे दुखणे बहुधा वरून दिसत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत रंग तुकतुकीत असतो आणि खालचा पत्रा सडलेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते. सपाट रस्त्यावर ते कळत नाही, घाट उतरताना सतत ब्रेक दाबावा लागला की पेडल मऊ पडते.

टायर फसवा असतो. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. पण कमी धावलेल्या गाडीत खाचा शाबूत राहतात आणि रबर मात्र कडक होऊन तडकते. म्हणून बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३५०९ म्हणजे २००९चा पस्तिसावा आठवडा. असा टायर आज कितीही नवा दिसो, तो बदललेलाच बरा.

दोष निघाल्यास ते दुरुस्त करून गाडी पुन्हा दाखवता येते. नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जात असेल, तर ती नोंदणीकृत भंगार केंद्रात देता येते. तिथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष सूट किती, ते राज्य ठरवते.