जीवनसत्त्वांची उणीव आणि मुलाचे मन

प्रत्येक वर्गात एखादा मुलगा असा असतो की, त्याचे नाव पटावर असते, पण चित्त पाठावर नसते. काल म्हटलेला पाढा त्याला आज आठवत नाही. मधल्या सुट्टीत खेळण्याऐवजी तो ओट्यावर बसून राहतो, आणि क्षुल्लक कारणावरून चिडतो अगर रडतो. अशा मुलास ‘ढ’, ‘आळशी’ किंवा ‘हट्टी’ ठरविणे सोपे असते. परंतु एकदा बसलेला हा शिक्का चौथीपर्यंत पुसला जात नाही. या वर्तनामागे घरातील कलह, अपुरी झोप, कानाचा किंवा डोळ्यांचा दोष, जंत, अशी अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी एका कारणाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. ते कारण म्हणजे आहारातील जीवनसत्त्वांची उणीव होय.

जीवनसत्त्वे शरीरास अत्यल्प प्रमाणात लागतात. तथापि बहुतेक जीवनसत्त्वे शरीर स्वतः पुरेशी निर्माण करू शकत नाही, म्हणून ती अन्नातूनच मिळवावी लागतात. मनाचा आणि अन्नाचा संबंध समजण्यासाठी मेंदूचा विचार करावा. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असते. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. चुलीत लाकडे भरपूर असली तरी वारा मिळाल्याविना ती पेटत नाहीत. तद्वत् भाकरीतून मिळालेल्या साखरेचे ऊर्जेत रूपांतर होण्यास ब-१ जीवनसत्त्व लागते. ब-१२ जीवनसत्त्व मज्जातंतूंवरील आवरण सुस्थितीत ठेवते. ही साधने अपुरी पडली म्हणजे केवळ शरीर थकते असे नव्हे, तर स्मरण, अवधान आणि मनाचा तोल यांवरही परिणाम होऊ शकतो.

याचे ठळक उदाहरण पेलाग्रा या रोगाच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गोरगरिबांमध्ये हा रोग पसरला होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट चट्टे पडत, जुलाब होत, आणि पुढे रोगी उदास व विस्मरणशील होऊन अखेरीस भ्रमिष्ट होत असे. अनेकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत होई. हा रोग स्पर्शाने पसरतो, असा समज असल्यामुळे लोक रोग्यांना दूर ठेवीत.

१९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांची या रोगाच्या तपासासाठी नेमणूक झाली. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. मनोरुग्णालयांतील रोग्यांना पेलाग्रा होतो, परंतु त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारकांना होत नाही. रोग संसर्गाचा असता तर परिचारक कसे वाचले असते? फरक होता तो ताटात. मग मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील अनाथालयांत मुलांच्या मका व काकवीच्या आहारात दूध, अंडी, मांस आणि शेंगवर्गीय धान्ये यांची भर घालण्यात आली, आणि दुसऱ्या वर्षी रोग जवळजवळ नाहीसा झाला. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन हे जीवनसत्त्व, यावरील उपाय असल्याचे दाखविले. पुढे हे औषध रोग्यांना देऊ लागताच, ज्यांना वेडे म्हणून बाजूस सारले होते त्यांपैकी पुष्कळांची मने थोड्याच दिवसांत ताळ्यावर आली. त्यांच्या बुद्धीत मुळात खोट नव्हती. उणीव होती ती त्यांच्या अन्नात.

ही हकिकत परदेशाची म्हणून सोडून देता येणार नाही. दख्खनच्या पठारावर मुख्यत्वे ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांतही हा रोग आढळत असे, आणि हैदराबाद येथील डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. यावरून ज्वारी हे वाईट धान्य ठरत नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि ताक असले म्हणजे ते जेवण उत्तमच होय. संकट येते ते नुसत्या भाकरीवर आणि मिरचीच्या ठेच्यावर महिनोन् महिने दिवस काढावे लागतात तेव्हा.

पेलाग्रा आज विरळ झाला आहे. परंतु ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात आढळते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. धान्ये, डाळी आणि भाज्या यांत ते नसते. म्हणून ज्या शाकाहारी घरांत दूधदुभतेही बेताचेच असते, तेथे ही उणीव संभवते. तीमुळे थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, चिडचिड, औदासीन्य अशी लक्षणे दिसू शकतात. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या गर्भारपणातील रक्ताची तपासणी करून, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ फार कमी होते, त्यांची मुले अवधानाच्या व अल्पकालीन स्मरणाच्या कसोट्यांत मागे पडल्याचे आढळले. बुद्धीच्या इतर कसोट्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे मूल मुळात मंद नसतानाही पाठ लक्षात ठेवण्यात ते मागे पडू शकते, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. मनाचा प्रत्येक विकार जीवनसत्त्वांच्या अभावानेच होतो असे नाही, आणि गोळ्या घेतल्याने प्रत्येक मूल हुशार होईल असेही नाही. उणीव आहे की नाही हे वैद्यकीय तपासणीनेच ठरते. स्वतःच्या मनाने औषध देणे अपायकारक होऊ शकते. उदाहरणार्थ, ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहू शकते. शाळेत ५ ते १० वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा द्यावयाच्या गुलाबी गोळीत लोह व फॉलिक आम्ल असते, ब-१२ नसते. ती गोळी रक्तक्षयासाठी उपयुक्त आहे आणि ठरल्याप्रमाणे द्यावीच. मात्र तीमुळे सर्व उणिवा भरून निघतात असे समजू नये.

यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात, हे इष्ट होय.

(१) जे मूल पूर्वी बरे शिकत होते आणि आता मागे पडत आहे, त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी. जीभ लाल व गुळगुळीत दिसणे, ओठांचे कोपरे चिरणे, चेहरा फिकट पडणे, ही लक्षणे पाहावीत.

(२) सकाळी काय खाऊन आलास, हे मुलास एकांतात व मायेने विचारावे. चारचौघांत विचारल्यास मूल लाजेने खोटे सांगते.

(३) राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा अशी मुले आवर्जून दाखवावीत. त्रास अधिक असल्यास पथकाची वाट न पाहता पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे.

(४) पालकसभेत मातांना सांगावे की, तांदूळ वारंवार धुऊन अगर भाताची पेज ओतून दिल्याने ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात, आणि डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घातल्यास ब-१ नष्ट होते. मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, मूठभर शेंगदाणे, वाटीभर ताक आणि चालत असल्यास अंडे, यांपैकी घरास जे परवडेल ते सुचवावे.

(५) कोणाच्या गरिबीचा उच्चार सभेत करू नये. घरात कोणी उदास, भ्रमिष्ट किंवा विचित्र वागत असल्यास ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारेधुपारे करण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे, एवढे मात्र निःसंकोच सांगावे.

गोल्डबर्गर यांनी रोग्यास दोष देण्यापूर्वी त्याच्या ताटात डोकावून पाहिले, आणि त्यामुळे असंख्य माणसे वेडाच्या शिक्क्यातून सुटली. शिक्षकास औषधाचा अधिकार नाही. पण शिक्का मारण्यापूर्वी थांबण्याचा अधिकार त्याच्या हाती निश्चित आहे. तो त्याने वापरला तर शेवटच्या रांगेतील एखादे मूल पुन्हा पाठाकडे वळेल.