शुश्रूषेचे शास्त्र आणि कळंबचा रुग्ण

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव विदर्भात ओळखले जाते ते चिंतामणीच्या देवस्थानामुळे. जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून जेथे जावे लागते अशा या गणेशमंदिरात आपली चिंता देवाच्या पायाशी ठेवण्यासाठी दूरदूरची माणसे येतात. आणि खेड्यापाड्यांतील माणसाच्या चिंतांत दुखण्याची चिंता ही कधीच लहान नसते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-कळंब लोहमार्गाचे उद्घाटन झाले आणि सेवाग्राम, सावंगी येथील मोठी रुग्णालये, निदान नकाशावर तरी, कळंबच्या अधिक जवळ आली. रुग्णाने रुग्णालयापर्यंत कसे पोहोचावे, या प्रश्नाचे उत्तर असे हळूहळू मिळत आहे. परंतु रुग्णालयातून तो घरी परतल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हा दुसरा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारीत नाही. वस्तुतः आजच्या काळात खरा प्रश्न हा दुसराच आहे.

पटकी, प्लेग, देवी यांच्या काळात दुखण्याचा निकाल पंधरा दिवसांत लागत असे. रोगी उठून कामाला लागे किंवा जगाचा निरोप घेई. आज दुखण्याचे स्वरूपच पालटले आहे. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, सिकलसेल, मूत्रपिंडाचे विकार हे पाहुणे म्हणून येत नाहीत, घरचेच होऊन राहतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. असा रुग्ण महिन्यातून एकदा, दहा मिनिटे डॉक्टरांसमोर बसला असे धरले, तर वर्षाकाठी ते दोन तास भरतात. वर्षाचे तास ८,७६०. उरलेल्या ८,७५८ तासांत रुग्णाचे बरे-वाईट जे काय व्हायचे ते तो स्वतः, त्याच्या घरची माणसे, गावातील आशाताई, उपकेंद्रातील नर्सबाई आणि ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका यांच्या हातून होते. या तासांचे शास्त्र म्हणजेच परिचर्येचे संशोधन होय.

सेवा की विद्या?

परिचारिकेच्या कामाला आपल्याकडे गौरवाचे शब्द पुष्कळ मिळतात. तिला सेवामूर्ती म्हटले जाते, १२ मे रोजी तिच्या हाती पुष्पगुच्छ दिला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ती खाटांच्या रांगांत एकटी पडते. या गौरवात एक खोच आहे. जे काम केवळ सेवाभावाचे मानले जाते, त्यात ज्ञान असते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. संस्कृतात 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. जो ऐकतो त्याला काही कळते. आणि जे कळले ते नोंदवून, पडताळून, दुसऱ्याच्या हाती देता आले की त्याचे शास्त्र बनते. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा जगाने लक्षात ठेवला, तिच्या दुसऱ्या हातात आकडेवारीची वही होती, हे जग विसरले. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांनी मेले त्याहून कितीतरी अधिक घाणीतून आलेल्या रोगांनी मेले, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून राज्यकर्त्यांच्या गळी उतरविले. तिची करुणा मोठी होतीच, परंतु व्यवस्था बदलली ती तिच्या पुराव्याने.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून बोलके आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणी निकाल दिला, तेव्हा देशभर चर्चा झाली ती दयामरणाची. इतक्या प्रदीर्घ काळात त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांच्या पिढ्यांचे कौतुकही झाले, परंतु ते त्यांच्या मायेचे. माया तर होतीच. पण केवळ मायेने शय्याव्रण टळत नाही. रुग्णाची कूस किती वेळाने पालटावी, कातडी कोठे प्रथम लाल होते, अन्न कोणत्या रूपात व किती द्यावे, ओल कशी टाळावी, हे सारे नेमके ज्ञान आहे. त्या ज्ञानाकडे ज्ञान म्हणून आपण पाहिलेच नाही.

अन्यत्र तसे पाहिले गेले आहे. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने १९६२ साली वृद्ध रुग्णांची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध केली. शारीरिक अवस्था, मनाची अवस्था, हालचाल, चालणे-फिरणे आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन कोणत्या रुग्णाला शय्याव्रण होण्याचा संभव आहे हे आधीच ओळखण्याची सोपी मोजणी त्यातून निघाली. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पाहणारे डोळे आणि लिहिणारा हात लागतो. अमेरिकेत लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्वेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवून दिले, की एका परिचारिकेकडे एक रुग्ण अधिक सोपविला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. २०१४ साली युरोपातील नऊ देशांतील चार लाखांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातही हाच आकडा हाती आला. परिचारिकांची भरती हा आस्थापनेवरील खर्चाचा प्रश्न नसून रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, हे या संशोधनाने सिद्ध केले.

यवतमाळचे प्रश्न

परदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करावेत असे नाही. किंबहुना कळंबसारख्या तालुक्याचे प्रश्न त्याचे स्वतःचे आहेत, आणि म्हणूनच त्यांची उत्तरेही येथेच शोधावी लागतील. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. कीटकनाशक कंपन्या, कृषी खाते, पिकाचे वाण यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु या विषबाधेत रुग्ण जगतो की दगावतो हे बऱ्याच अंशी खाटेजवळच्या निरीक्षणावर ठरते, हा भाग मागे राहिला. सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषावर ॲट्रोपीन द्यावे लागते, ते फुप्फुसातील स्राव आटेपर्यंत पुन्हा पुन्हा, मोजून. कमी पडले तर छाती भरते, अधिक झाले तर रुग्ण बरळू लागतो. त्यातही एक फसवा टप्पा असतो. श्रीलंकेतील वैद्यांनी १९८७ साली त्याचे वर्णन केले. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या दरम्यान, रुग्ण सुधारला असे वाटत असतानाच त्याचे स्नायू दुबळे होतात आणि श्वास अडतो. त्याची पहिली खूण साधी असते: रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. रात्री दोन वाजता ही खूण कोणाला दिसणार? ज्या परिचारिकेला ती पाहण्यास शिकविले आहे आणि जिच्याकडे ती पाहण्याइतकी उसंत आहे, तिलाच.

सिकलसेलची गोष्ट याहून दीर्घ आहे. विदर्भातील गोंड, परधान आदी आदिवासी समाजांत, तसेच अनुसूचित जातींतील काही समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार पिढ्यान्पिढ्या आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी आवश्यकच आहे. परंतु हाती कार्ड आले म्हणजे उपचार झाला असे नव्हे. या रोगातील वेदना दिसत नाही. ना जखम, ना सूज; तरीही मुलगी हाडे फुटल्यासारखी कळवळते आणि भोवतालची माणसे तिला सोंगाडी ठरवितात. तिचे दुखणे खरे मानणे, ते किती आहे हे तिलाच विचारून लिहून ठेवणे, पाणी पुरेसे पोटात जाते की नाही, थंडीपासून तिचा बचाव होतो की नाही, हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घेतली जाते की नाही आणि रक्ताची तपासणी वेळेवर होते की नाही हे पाहणे, ही सर्व परिचर्येची कामे आहेत. वेदनेचा झटका आलेली मुले किती वेळा परत दाखल होतात, आणि कोणत्या सल्ल्याने ती संख्या घटते, हे तालुक्याच्या पातळीवर मोजणे अशक्य नाही.

असे मोजता येते, याची साक्ष विदर्भातीलच जिल्हे देतात. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची देखभाल आणि नोंदी शिकविल्या. नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे 'लॅन्सेट' या नियतकालिकातून १९९९ साली जगापुढे आले, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत तीच पद्धत देशभर अवलंबिली गेली. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. ठरलेली औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्या रुग्णाचा शोध, या तीन गोष्टींवर तो उभा आहे, आणि त्यात परिचारिकेला केवळ मदतनिसाचे नव्हे तर जबाबदारीचे स्थान आहे.

अडते कोठे?

मग अडते कोठे? भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण दिल्ली व वेल्लोर येथे १९४६ साली सुरू झाले, पदव्युत्तर शिक्षण दिल्लीत १९५९ साली. आज विदर्भातही परिचर्या महाविद्यालये आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थिनीला प्रबंध लिहावाच लागतो. परंतु या प्रबंधांचा साचा ठरून गेला आहे. रुग्णांना आधी प्रश्नावली द्यायची, मग माहितीपर व्याख्यान, मग तीच प्रश्नावली पुन्हा. गुण वाढले, प्रबंध संपला. मधुमेहाविषयीचे गुण वाढलेल्या शेतकऱ्याच्या पायाची जखम सहा महिन्यांनी भरली की पाय कापावा लागला, हे विचारायला कोणी मागे उरत नाही. पुढच्या वर्षीची विद्यार्थिनी नवा विषय घेते आणि जुना प्रबंध कपाटात जातो. इंग्रजीत लिहिलेला तो प्रबंध ज्या वॉर्डात जन्मला, त्या वॉर्डातील परिचारिकेच्या हाती क्वचितच पडतो.

दुसरी अडचण भीतीची आहे. रुग्णसुरक्षेचे संशोधन चुकांच्या नोंदीवर उभे राहते. १९९९ साली अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेच्या अहवालाने, रुग्णालयांतील टाळता येण्याजोग्या चुकांमुळे त्या देशात दरवर्षी किमान ४४ हजार माणसे मरतात असा अंदाज मांडला, आणि त्याचबरोबर हेही सांगितले, की दोष बहुधा व्यक्तीचा नसतो, रचनेचा असतो. आपल्याकडे मात्र चूक कबूल करणारीला मेमो मिळतो आणि चूक लपविणारीला शांत झोप. सारखी दिसणारी दोन इंजेक्शने एकाच कप्प्यात ठेवली होती, हे मग कोणी लिहीतच नाही. आणि तो कप्पा तसाच राहतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की जेथे हातांची वानवा तेथे संशोधन ही चैन आहे. आक्षेप निराधार नाही. अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, हे परिचर्या परिषदेने घालून दिलेले प्रमाण कागदावर शोभून दिसते. भरलेल्या वॉर्डाची रात्रपाळी एकटीने सांभाळणाऱ्या परिचारिकेला तुम्ही संशोधनही करा असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. परंतु म्हणूनच नोंदी हव्यात. मनुष्यबळ अपुरे आहे ही तक्रार वर्षानुवर्षे केली जाते आणि वर्षानुवर्षे फायलीत पडून राहते. ज्या महिन्यात परिचारिका कमी होत्या त्या महिन्यात शय्याव्रणे किती वाढली, हे सांगणारा तक्ता फायलीत दडपणे तितके सोपे नाही.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुक्याने चार गोष्टींची नोंद धरावी: घरी अंथरुणाला खिळलेल्यांना झालेली शय्याव्रणे, मधुमेहींच्या पायांच्या जखमा, रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सुटलेले रुग्ण आणि सिकलसेलचे पुन्हा दाखल झालेले रुग्ण. जवळच्या परिचर्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनींना पाच वर्षे हाच धागा पुढे नेऊ द्यावा. एकीने सोडलेला प्रश्न दुसरीने उचलावा. निष्कर्ष मराठीत लिहून उपकेंद्रापर्यंत पोहोचवावेत. नोंदी ठेवण्याचा वेळ ड्यूटीतच धरावा, आणि चूक सांगणारीला संरक्षण द्यावे. परिचर्या व प्रसूतिसेवेसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. त्याचे यश नव्या महाविद्यालयांच्या संख्येवर मोजले जाऊ नये. कळंब तालुक्यातील एखाद्या खेड्यात पक्षाघाताने पडलेल्या म्हाताऱ्याची कूस दर दोन तासांनी पालटायला त्याच्या सुनेला कोणी शिकविले का, आणि शिकविल्यानंतर त्याची पाठ शाबूत राहिली का, या दोन प्रश्नांची उत्तरे जेव्हा तालुक्याच्या दप्तरी सापडतील, तेव्हाच शुश्रूषेचे शास्त्र येथवर पोहोचले असे म्हणता येईल.