जुन्या जीपचे पाटे

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. का बरं? लोखंड लोखंडावर घासू नये म्हणून. जुन्या मोटारीचंही तसंच आहे.

1941 सालापासून बनलेली जीप पाहा. तिच्या चारही चाकांशी कमानीसारखे पोलादी पाटे आहेत, एकावर एक रचलेले. खड्डा आला की पाटे वाकतात, एकमेकांवर घासतात. सोलापूरकडची धूळ आत शिरते. पावसानं गंज चढतो. पाटे झिजतात, करकरतात. मोठा पाटा तुटला तर आस सरकतो, गाडी एकीकडे ओढते. जिवावर बेततं!

उपाय करा. चाकांना दगड लावा. सांगाड्याला जॅक लावून गाडी उचला, खाली भक्कम ठोकळे द्या. भार उतरला की पाट्यांत फट पडते. माती-गंज खरवडा, ग्रॅफाइटचं ग्रीस भरा. रबराला मात्र ते लागू देऊ नका. चीर दिसली तर पाटा बदला. वंगणानं चीर बुजत नाही.