हळवे, निमगरवे, गरवे

सह्याद्रीच्या माथ्यावर भात-नागली पिकवणाऱ्या माणसाला हवामानाविषयी विचारले, तर उत्तर नक्षत्रांत येते. रोहिणीपर्यंत राब भाजून झालेला असावा, मृगात बी पडावे, आर्द्रा सरता सरता आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, हात घालावा, आणि हस्त बरसून गेला की हळव्या भाताला विळा लागावा, अशी त्याच्या कामांची दिनदर्शिका. अकोले तालुक्यात कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतली महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत. ‘मिरग (मृग) हुकला’, ‘हत्ती (हस्त) लांबला’ ही वाक्ये वेळ घालवायच्या गप्पा म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. कोणते काम कोणत्या पावसात व्हायला हवे होते आणि ते कोणत्या पावसात करावे लागले, याचा हिशेब त्यांत असतो. माझे म्हणणे असे, की हा हिशेब पुरावा म्हणून धरला पाहिजे, आणि त्यावर त्याने काढलेला तोडगा पाहायचा तर त्याच्या बियाण्याच्या कणगीत डोकावले पाहिजे.

हिशेब किती बारीक असतो ते राबावरून कळते. उन्हाळ्यात शेताचा एक तुकडा रोपासाठी निवडायचा. त्यावर शेणाचा थर, त्यावर तोडून वाळवलेला टहाळ, मग पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर द्यायचा. वाऱ्याचा रोख पाहून आग लावायची. ती भडकू न देता धुमसत ठेवायची. त्या धगीने तणाचे बी मरते, आणि राख रोपाला खत होते. पाऊस सुरू होताना त्या राखेत बी पडते, आणि तीनेक आठवड्यांत रोप आवणीला येते. या कामाला पावसाच्या दोन गोष्टी हव्यात: भाजणी होईपर्यंत कोरडे दिवस, आणि बी पडल्यावर सलग ओल. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोचला, म्हणजे रोहिणी लागली न लागली तोच. अशा वर्षी रचलेला राब भिजतो, भाजणी राहून जाते आणि रोपाआधी तण वर येते. याच्या उलट, मृगात बी पडून पुढे पंधरा दिवस उघडीप पडली, तर रोप राखेतच होरपळते. ते तगले तरी चिखलणीपुरते पाणी खाचरात साठेपर्यंत जून होते, आणि जून रोपाला फुटवे कमी येतात. हंगामअखेर पर्जन्यमापकावरची बेरीज सरासरीइतकी भरली, तरी यांतले काहीही त्या बेरजेत दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप स्मरणशक्तीचा असतो. माणसाला जुने पावसाळे नेहमीच शहाणे वाटतात आणि लागोपाठची दोन वाईट वर्षे सगळ्या आठवणीवर पसरतात. आक्षेप खोटा नाही. ‘पूर्वी पाऊस जास्त पडायचा’ हे विधान पुष्कळदा नोंदींशी जुळत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण एकूण पावसाची आठवण आणि कामाच्या वेळेची आठवण या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नुसती छाप असते; दुसरी दरवर्षी बैल, मजूर आणि बी यांच्या जुळवाजुळवीतून पक्की होत जाते. आणि या दुसऱ्या प्रकारात हवामान खात्यालाच शेतकऱ्याच्या बाजूने यावे लागले. 2020 साली खात्याने मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या प्रमाण तारखा नव्या नोंदींवरून बदलल्या. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींवर बेतलेल्या होत्या. मुंबईचे आगमन 10 जूनवरून 11 जूनवर गेले, निर्गमन मात्र 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर. नक्षत्रांच्या भाषेत सांगायचे, तर हस्ताच्या तोंडाला निघून जाणारा पाऊस आता चित्रा लागेपर्यंत रेंगाळतो. (नक्षत्रांच्या तारखाही पुढे सरकतात, पण सत्तरेक वर्षांत एक दिवस, त्यातून हे अंतर भरून निघत नाही.) पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ‘पडतो तेव्हा ओततो, नाहीतर तोंड दाखवत नाही’ ही तक्रार त्याच चित्राशी जुळते.

मग शेतकरी करतो काय? बाहेरून पाहणाऱ्याला फारसे काही दिसत नाही, कारण त्याचा मुख्य उपाय नवा नाही. भाताची वाणे तो मुदतीवरून ओळखतो: लवकर येणारे हळवे, मधले निमगरवे, उशिरा येणारे गरवे. पाणी लवकर ओसरते त्या वरच्या खाचरात हळवे, आणि तळाच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवे. उतारावरच्या वरकस जमिनीत भात नसतोच. तिथे नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन काही वर्षे पडीक. नागलीला खाचरात साचलेले पाणी लागत नाही आणि उघडीप ती भातापेक्षा बरीच सोसते. एका घराच्या दोन-तीन एकरांत अशा चार-पाच मुदती एकाच वेळी उभ्या असतात. पाऊस कुठेही दगा देवो, सगळे एकदम जाऊ नये, ही त्यामागची समज आहे.

कृषी विस्ताराच्या कामात असणारे काहीजण इथे म्हणतात, की एवढा खटाटोप कशाला. कमी दिवसांचे, भरघोस उताऱ्याचे सुधारित वाण सगळीकडे लावा, पावसाचे दिवस घटले तरी पीक हाती येईल. सुधारित वाणांशी माझे भांडण नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीने मावळपट्टीत पुष्कळ घरांना पैसा दिला. पण सगळीकडे हळवेच लावण्याच्या सल्ल्यात एक चूक आहे. हळवे भात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिकते, आणि वरच्या तारखा पाहिल्या तर पाऊस नेमका त्याच दिवसांत घुसला आहे. 2019 साली वायव्य भारतातून मोसमी पावसाची माघार 9 ऑक्टोबरला सुरू झाली. तेव्हाच्या प्रमाण तारखेपेक्षा तब्बल पाच आठवडे उशिरा. अशा वर्षी उभे हळवे लोळते आणि ओंबीतच मोड येतात. 2023 च्या, देशातल्या शंभराहून अधिक वर्षांतल्या सर्वांत कोरड्या ऑगस्टसारखी उघडीप पडली की वरची खाचरे भेगाळतात आणि तळाचे गरवे ओलीवर तग धरते. पाऊस लवकर आटोपला, तर गरवे पळींज (पोचट) होते आणि हळवे वाचते. एकच मुदत निवडणे म्हणजे या तिन्हींतल्या एकाच संकटाची तयारी करणे होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नागली-वरई मागे पडली ती रेशनच्या तांदळामुळे, आवणी संपताच मजुरीला बाहेर पडावे लागते म्हणून, आणि नागलीची निंदणी-काढणी कंबर मोडणारी आहे म्हणून. हवामानाचा यात काय संबंध? कारणे खरी आहेत. पण त्यांनी मुदतींची ही रांग आखूड केली, आणि पाऊस बेभरवशाचा झाला तोही याच काळात. म्हणून उपाय असा हवा, की कष्ट कमी व्हावेत आणि वाणे टिकावीत. चंद्रशेखर भडसावळे यांनी नेरळला विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यांवर थेट बी टोकतात. राब, चिखलणी आणि आवणी तिन्ही टळतात, आणि आवणीच्या पाण्याची वाट पाहावी लागत नाही. अकोल्याच्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कौतुक पुष्कळ झाले. त्या बँकेतले बी शेजारच्या पन्नास गावांतल्या खाचरांत दरवर्षी पडते का, हा प्रश्न कौतुकापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता पुन्हा पावसाच्या हिशेबाकडे. घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या अकोले शहरात तो काही शेकड्यांवर येतो. एवढ्या उताराच्या प्रदेशात महसूल मंडळाला एक पर्जन्यमापक ठेवून नुकसानीचा निवाडा करणे अन्यायाचे आहे. गावोगाव साधा मापक आणि एक वही ठेवावी. वहीत पावसासोबत राब, पेर, आवणी आणि कापणीच्या तारखाही लिहाव्यात. कृषी खात्याने बियाण्याचे वाटप करताना डोंगरी गावांना हळवे, निमगरवे आणि गरवे तिन्ही द्यावे, आणि गावात जे वाण आधीच आहे त्याच्या पेरणीला पैसे द्यावेत. यात दिरंगाई चालणार नाही. साध्या कणगीत ठेवलेल्या भाताच्या बियाची उगवण एक-दोन पावसाळ्यांनंतर भरवशाची राहत नाही.