रोजची चिमूट आणि आणीबाणीची गोळी

घिवली हे पालघर तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या शेजारी वसलं आहे. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. पहिल्या दोन अणुभट्ट्यांमधून १९६९ साली वीज मिळू लागली, तिसरी आणि चौथी २००५-०६ मध्ये सुरू झाली. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला प्रकल्प असलेल्या अशा गावांत दोन समजुती सहज रुजतात. पहिली अशी की, आपण खाऱ्या वाऱ्यात राहतो, रोज मासळी खातो, मग आपल्याला आयोडीनचं मीठ कशाला? दुसरी अशी की, प्रकल्पात कधी काही झालंच तर सरकार आयोडीनची गोळी देणार आहे, ती घेतली की झालं. दोन्ही समजुती एकाच मूलद्रव्याबद्दलच्या आहेत आणि दोन्हींमध्ये धोका आहे.

गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती तयार करते त्या मुख्य संप्रेरकाच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. हृदयाची गती, शरीराची ऊब, मुलांची वाढ आणि गर्भातल्या बाळाचा मेंदू हे सगळं या संप्रेरकावर चालतं. शरीरात एकूण आयोडीन असतं जेमतेम १५ ते २० मिलिग्रॅम आणि त्यातला बहुतेक साठा याच ग्रंथीत असतो. रक्तातून जाणारं आयोडीन ती ओढून घेते. कमी पडू लागलं की ती अधिक जोर लावते, फुगते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. मोठ्या माणसाला रोज लागतं १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यांतला जेमतेम दीड भाग. गरोदर बाईची गरज जागतिक आरोग्य संघटना २५० मायक्रोग्रॅम सांगते.

आता समुद्राच्या मिठाकडे येऊ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं फक्त ५० ते ६० मायक्रोग्रॅम. पाणी वाळताना त्यातला कणही उडून गेला नाही असं धरलं, तरी एक ग्रॅम मिठात दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन येईल. दिवसभरात दहा ग्रॅम मीठ खाल्लं तरी हिशेब पंधरापर्यंतच पोहोचतो. प्रत्यक्षात मिठागरात ऊन-वाऱ्याने आणि मीठ धुताना त्यातलंही बरंच निघून जातं. म्हणून मिठागरातलं जाडं मीठ कितीही नैसर्गिक वाटलं तरी आयोडीनच्या बाबतीत ते जवळजवळ रिकामं असतं. 'समुद्री मीठ', 'सेंधव', 'गुलाबी मीठ' अशी नावं लावून महागात विकल्या जाणाऱ्या पाकिटांनाही हेच लागू आहे, त्यावर 'आयोडीनयुक्त' असं लिहिलेलं नसेल तर.

मासळीचं तसं नाही. समुद्रातली मासळी आयोडीन देते, खरंच देते. पण कोणत्या माशातून किती मिळेल यात मोठा फरक असतो आणि पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर काही भाग त्याबरोबर जातो. शिवाय मच्छीमाराच्या घरीही मासळी वर्षभर सारखी नसते. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा बाजारात भाव चढतात आणि घरोघरी सुके बोंबील, सुकट, जवळा यांच्यावर भागवलं जातं. चांगला मासा विकायला आणि उरलेला घरात हे गणितही किनाऱ्यावरच्या बायकांना सांगायला नको. खारवलेल्या मासळीला लावलेलं जाडं मीठ तर बहुधा बिनआयोडीनचंच असतं. म्हणजे मीठ भरपूर पोटात जातं, रक्तदाब वाढतो आणि आयोडीन येत नाही. हा दुहेरी तोटा आहे, आणि मासळी खाणाऱ्या घरांतच तो होतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

मिठात आयोडीन घालण्याची कल्पना आपल्याकडे आयती आली नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग केला. खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागात साधं. काही वर्षांनी तपासलं तेव्हा आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागांत मुलांचे गलगंड स्पष्टपणे कमी झाले होते, साध्या मिठाच्या भागात झाले नव्हते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पुराव्यावर. आज कायद्याने खाण्याच्या मिठात कारखान्यात किमान ३० आणि ग्राहकाच्या हातात पडताना किमान १५ भाग (दर दहा लाखांत) आयोडीन हवं. घरात येईपर्यंत अर्धं जाऊ शकतं हे त्या आकड्यांमध्येच गृहीत धरलं आहे.

आणि उरलेलं जातं कुठे? आपल्या स्वयंपाकघरात. गॅसजवळ ठेवलेली मिठाची उघडी बरणी, पावसाळ्यात तिच्यात सुटलेलं पाणी, मग तो ओला गोळा उन्हात वाळवायचा किंवा तव्यावर भाजायचा. आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट वापरतात, ते दमट हवेत बऱ्यापैकी टिकतं, पण ओल आणि उष्णता एकत्र आल्या की तेही हळूहळू कमी होतं. बरणी घट्ट झाकणाची असावी, चुलीपासून लांब असावी, चमचा कोरडा असावा आणि मीठ शक्य तिथे शेवटी घालावं. मीठ वाढवायचं मात्र नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ आणि तेही आयोडीनचं, जोडीला मासळी, दूध, अंडी, हे मोठ्या माणसासाठी ठीक आहे. गरोदर बाईच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. पोटातलं बाळ स्वतःचं थायरॉइड संप्रेरक तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बनवू लागतं आणि त्यानंतरही काही आठवडे ते आईच्याच पुरवठ्यावर असतं. त्या काळात झालेली मेंदूची हानी नंतर भरून येत नाही.

आता गोळीकडे. अणुभट्टीत युरेनियम फुटताना जे पदार्थ तयार होतात त्यांत आयोडीन-१३१ हा किरणोत्सारी प्रकार असतो. तो आठ दिवसांत निम्मा होतो. आपली थायरॉइड साधं आणि किरणोत्सारी आयोडीन यांत फरक करत नाही, दोन्ही सारखंच ओढते. याच गुणाचा उपयोग मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६० च्या दशकापासून होतो आहे. अतिसक्रिय थायरॉइड आणि थायरॉइडचा कर्करोग यांवर हेच आयोडीन-१३१ औषध म्हणून वापरतात, कारण ते नेमकं त्या ग्रंथीत जाऊन बसतं. अपघातात हवेत सुटलं तर तेच मुलांसाठी घातक ठरतं.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुकेंद्रात २६ एप्रिल १९८६ ला झालेल्या दुर्घटनेनंतर किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गायींच्या दुधात उतरलं आणि ते दूध मुलं पीत राहिली. त्या भागातल्या लोकांच्या आहारात आधीच आयोडीन कमी होतं, त्यामुळे भुकेल्या ग्रंथींनी ते अधिक ओढलं. तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यातला मोठा वाटा या दुधाचा होता. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना साध्या आयोडीनचं द्रावण पाजलं. आधीच साध्या आयोडीनने भरलेली ग्रंथी किरणोत्सारी आयोडीन घेत नाही, इतकंच त्या द्रावणाचं आणि आजच्या पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचं काम आहे.

हे काम गोळी वेळेवर घेतली तरच होतं, एरवी नाही. किरणोत्सार पोहोचण्याआधीचे २४ तास ते नंतरचे दोन तास हा उत्तम काळ, आठ तासांपर्यंत थोडाफार उपयोग, आणि एका दिवसानंतर घेतली तर फायद्यापेक्षा तोटा अधिक. मोठ्यांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी, त्याहून लहानांना आणखी कमी. अगोदर नंबर मुलांचा, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांचा. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी असतो. आणि ही गोळी फक्त थायरॉइड वाचवते. सीझियमसारखे बाकीचे पदार्थ, बाहेरून येणारे किरण यांच्यापुढे तिचा काही इलाज नाही. तिथे घरात दारं-खिडक्या लावून थांबणं, सांगितल्यावर गाव सोडणं, झाकलेलं पाणी आणि सुरक्षित म्हणून सांगितलेलंच दूध घेणं हाच उपाय.

मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर चीनमध्ये लोकांनी आयोडीनच्या मिठासाठी दुकानांवर झुंबड उडवली होती. मीठ गोळीचं काम करेल का, हिशेब करून बघा. एका १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. पंधरा भागांच्या मिठातून तेवढं मिळवायला साडेसहा किलोहून अधिक मीठ खावं लागेल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिणं त्याहून वाईट, ते विषारी ठरू शकतं. उलट रोजच्या मिठाच्या जागी 'ताकद' म्हणून गोळी घेणाऱ्याची थायरॉइड बिघडू शकते. नवजात बाळाची आणि आधीच थायरॉइडचा आजार असलेल्यांची तर लवकर बिघडते.

तारापूरभोवती आणीबाणीच्या नियोजनाचं क्षेत्र १६ किलोमीटरपर्यंत आखलेलं आहे आणि प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असते. गोळी कधी घ्यायची, घ्यायची की नाही, हे तेच सांगतील. घिवली, पोफरण, अक्करपट्टीच्या आणि बोईसर परिसरातल्या वाचकांना म्हणूनच दोन विनंत्या आहेत. आणीबाणीचा सराव होईल तेव्हा बघ्यासारखे उभे राहू नका. गोळ्यांचं वाटप कुठे होईल, निवाऱ्याची जागा कोणती, वृद्धांना नेणार कसं, हे ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात विचारून घ्या, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. आणि आज संध्याकाळी मिठाची पिशवी उलटून तिच्यावर 'आयोडीनयुक्त' लिहिलं आहे का आणि तारीख कोणती आहे ते वाचा. नसेल लिहिलं, तर दुसरं आणा.